मांडवावरची भोकं बुजवण्याआधी : उद्यान विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक, महानगरपालिका
मा. अध्यक्ष व सदस्य, जैवविविधता व्यवस्थापन समिती

विषय : उद्यानांतल्या लाकडी मांडवांवरचं ‘कीड निर्मूलन’ थांबवण्याबाबत

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पावसाळापूर्व कामांच्या परिपत्रकात आपल्या विभागाने यंदा एक नवं कलम घातलं आहे. शहरातल्या सगळ्या उद्यानांमधले लाकडी मांडव, कमानी, कठडे आणि बाक यांना ‘काळ्या गांधीलमाश्यांनी’ पाडलेल्या भोकांत औषध मारायचं, वरून पुट्टी भरायची, आणि त्याच फेरीत बागेतली वाळकी खोडं, फांद्या, सुकलेला बांबू उचलून न्यायचा. कामाचा दर भोकागणिक. काही बागांत हे उरकलंही आहे.

हे पत्र लिहिणाऱ्या आमच्यात कीटकांचा अभ्यास करणारे आहेत, रोपवाटिका चालवणारे आहेत, गच्चीवर भाजी पिकवणारे आहेत आणि सुतारकाम करणारेही आहेत. आमच्या वांग्याला, शेवग्याला, कृष्णकमळाला फळ धरण्यात या भोकांतून निघणाऱ्या माश्यांचा मोठा वाटा आहे. तेव्हा आमचा स्वार्थ उघड आहे. पण लाकडाच्या बाजूने पाहिलं तरी हे कलम टिकत नाही. त्याने तुळई वाचत नाही आणि पैसे दर वर्षी जातात.

आधी ओळख नीट करू, कारण परिपत्रकात तीच चुकली आहे. ही ‘काळी गांधीलमाशी’ म्हणजे आपला भुंगा. कोरडं लाकूड भेदणारा आणि कोवळ्या कळीत मात्र सापडणारा भ्रमर मराठी माणसाला सातशे वर्षांपासून ओवीतून ठाऊक आहे. गांधीलमाशीशी त्याचं नातं लांबचं. तो मधमाश्यांच्याच कुळातला, पण पोळं न बांधता लाकडात घर करणारा. शास्त्रीय वंशनाव झायलोकोपा, जगभरात सुमारे ५०० जाती. आपल्याकडे सर्वांत ठळक दिसतो तो झायलोकोपा लॅटिपेस : पूर्ण काळा, पंखांवर निळी-हिरवी झाक, लांबी तीन सेंटिमीटरहून जास्त, आणि नराचे पुढचे पाय पसरट, केसाळ. त्याहून लहान झायलोकोपा प्युबेसेन्स आणि त्याच्या जवळच्या जाती : मादी काळी, पाठीवर पिवळी लव, नर मात्र अख्खा पिवळट सोनेरी, इतका वेगळा की पाहणाऱ्याला तो दुसराच किडा वाटतो. झायलोकोपा फेनेस्ट्राटासारखे मध्यम आकाराचे भुंगे पोकळ काड्या-नळ्यांत घर करतात. नारळाला लागणारे गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा हे यांतले कोणीच नव्हेत. ते भुंगेरे, कठीण कवचाच्या पंखांचे. त्यांच्यासाठी सांगितलेलं औषध नावाच्या साम्यावरून बागेतल्या भुंग्यावर चालवण्यात अर्थ नाही.

लोक घाबरतात आणि तक्रार करतात, हे आम्हाला मान्य आहे. पण कशाला घाबरतात ते पाहा. मांडवाखाली डोक्याच्या उंचीवर हवेत एका जागी थांबणारा, अंगावर चाल करून पुन्हा मागे सरकणारा जो असतो तो नर. आपल्या हद्दीत शिरलेल्या प्रत्येक हलत्या वस्तूची तो झडती घेतो, मग तो दुसरा नर असो, फुलपाखरू असो की कोणाची टोपी. त्याला नांगी नसते. मधमाश्यांत नांगी ही मादीच्या अंडी घालण्याच्या अवयवापासून घडलेली, त्यामुळे ती नराला असूच शकत नाही. मादीला ती आहे आणि डंख चांगलाच झोंबतो. पण तो बसतो तिला मुठीत धरलं, ती कपड्यात अडकली किंवा अनवाणी पायाखाली आली तर. आग्या मोहोळ उठावं तसा भुंग्यांचा थवा कोणाच्या मागे लागत नाही. राखायला हजारोंचं पोळंच नाही, तर थवा कुठून येणार?

आता त्या भोकाकडे वळू. परिपत्रक लिहिणाऱ्याने एखादी जुनी तुळई उभी चिरून पाहिली असती, तर पुढचं बरंच लिहावं लागलं नसतं.

मादी जबड्यांनी लाकूड कुरतडते, खात नाही. बाहेरचं भोक तिच्या अंगाच्या बेताचं, जातीनुसार १ ते १.५ सेंटिमीटर व्यासाचं, ड्रिलने पाडल्यासारखं गोल. बहुतेकदा ते तुळईच्या खालच्या अंगाला असतं, पावसाच्या आडोशाने. भोक दोन-तीन सेंटिमीटर आत गेलं की काटकोनात वळतं आणि लाकडाच्या रेषेने पुढे जातं. नवा बोगदा १०-१५ सेंटिमीटरचा; पुढच्या पिढ्यांनी वाढवलेला जुना बोगदा ३० सेंटिमीटरच्याही पुढे, कधी दोन्ही बाजूंना फाटे फुटलेला. सर्वांत आतल्या टोकाला ती पराग आणि मधुरस कालवून घट्ट गोळा ठेवते आणि त्यावर एकच अंडं घालते. मग भुसा लाळेत मळून चकती बनवते आणि खोली बंद करते. त्या चकतीला टेकून पुढची खोली. प्रत्येक खोली दोन-अडीच सेंटिमीटर लांब, एका बोगद्यात साधारण पाच ते आठ. किड्यांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या अंड्यांत भुंग्याच्या अंड्याची गणना होते. मोठ्या जातींत ते दीड सेंटिमीटर लांबीचं असतं.

हा आकडा आपल्या विभागाने लक्षात ठेवावा, कारण फवारणीचं सगळं गणित त्यापाशी कोसळतं. मधमाशीची राणी दिवसाला शेकड्यांनी अंडी घालते. भुंग्याच्या मादीची एक वीण दहाच्या आत आटोपते. एका बागेतल्या वीस माद्या मेल्या तर ती जागा भरून निघायला वर्षं लागतात. डासांवर जे निर्धास्तपणे चालवलं जातं ते इथं चालत नाही.

अंड्यापासून पंख फुटेपर्यंत महिना-दीड महिना जातो, गारव्यात त्याहून जास्त. तरुण माशी लगेच घर सोडत नाही. आई आणि मुली काही काळ एकाच बोगद्यात राहतात, कधी भोकाशी एकजण पहाऱ्याला. म्हणजे वरून एकच भोक दिसत असलं तरी आत अंडी, अळ्या, कोष, आई आणि मागच्या विणीच्या मुली एकाच वेळी असू शकतात. प्युबेसेन्सच्या गटातल्या माद्यांच्या पोटाच्या पहिल्या खंडात तर एक खिसा असतो आणि त्यात माइट राहतात, कोळ्यांचे दूरचे सूक्ष्म नातेवाईक. माशी उडाली की तेही तिच्याबरोबर दुसऱ्या घरात पोचतात. आमच्या मते ‘जैवविविधता’ हा शब्द नावात मिरवणाऱ्या समितीला एवढं एक भोकही वर्षभर पुरेल.

तर आमची पहिली तक्रार कामाच्या पद्धतीबद्दल.

फवाऱ्याची नळी भोकात घातली तरी औषध समोरच्या लाकडावर बसतं, कारण वळण अगदी तोंडाशी आहे. सापडली तर आई मरते. चकत्यांआडची पिल्लं बरीचशी वाचतात. मग त्यांच्यावर पुट्टीचं झाकण पडतं. ती प्रौढ झाली की बाहेर पडू पाहतात. पुट्टी लाकडापेक्षा मऊ, ती कुरतडून निघतात. तिथं कोणी कडक काही भरलं असेल तर बाजूने नवं भोक पाडतात. बाहेर राहिलेल्या माद्यांची गोष्ट वेगळी. जुनं घर मिळत असेल तर भुंगा नवं खोदायला जात नाही, कारण खोदकामात दिवस जातात आणि जबडे झिजतात. जुनी सगळी भोकं बंद केली की त्याच माद्या शेजारच्या कोऱ्या तुळईला लागतात. थोडक्यात, बुजवल्याने भोकं वाढतात. दर भोकागणिक असल्याने पुढच्या वर्षीचं बिलही वाढेल. ही बाब आम्ही लेखा विभागाच्याही नजरेस आणून देतो.

पुट्टीचा आणखी एक दोष सुताराला विचारा. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं; पुट्टी तसं करत नाही. कडेने बारीक फट पडते, पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. जे भोक खाली तोंड करून कोरडं होतं, ते आता आतून कुजू लागतं.

दुसरी तक्रार औषधाची. मांडवाखाली मुलं खेळतात, म्हातारी माणसं कठड्याला हात लावून बसतात, वर वेल फुललेला असतो. भोकात मारलेली भुकटी माशीच्या अंगाला चिकटून थेट फुलांवर जाते. कुठं कुठं भोकात ‘गोळी’ टाकायचीही भाषा ऐकू येते. ही गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाईडची असेल तर हवेतल्या दमटपणाने तिच्यातून फॉस्फिन हा जीवघेणा वायू सुटतो, आणि तिच्या विक्रीवर व वापरावर निर्बंध आहेत. सार्वजनिक बागेत ती आणण्याचा विचारही कोणी करू नये.

तिसरी तक्रार अशी की लाकडाला खरोखर किती धोका आहे हे कोणी मोजलेलंच नाही. आम्ही हिशेब मांडतो. मांडवाची मुख्य तुळई १० × १० सेंटिमीटरची धरा, म्हणजे छेद १०० चौरस सेंटिमीटर. दीड सेंटिमीटर व्यासाचा एक बोगदा त्यातले १.७७ चौरस सेंटिमीटर खातो, दोन टक्क्यांहूनही कमी. एकाच छेदात तीन बोगदे शेजारी-शेजारी आले तरी सव्वापाच टक्के. एवढ्याने तुळई पडत नाही. उलट वरच्या ५ × ५ च्या पट्ट्यांचा छेद फक्त २५ चौरस सेंटिमीटर. तिथं एक बोगदा सात टक्के घेतो आणि चार आले तर २८ टक्के. अशी पट्टी खिळ्यापाशी फाटते. ती बदलायलाच हवी, त्याला आमची हरकत नाही. वेल पेलणारा मांडव लोकांच्या डोक्यावर यावा असं कोणीच म्हणणार नाही.

मांडव खरा खचतो तो बहुधा खांबाच्या पायाशी. काँक्रीटमध्ये थेट गाडलेल्या लाकडाभोवती पाणी साचतं, पाय कुजतो, वाळवी लागते. तिथं स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहिलं की कळतं. टोक सहज आत गेलं तर खांब गेला. भोकाखालचा भुसाही बोलका असतो. जाडसर, करवतीच्या भुशासारखा असेल तर भुंगा. पिठासारखी पूड आणि १ ते ३ मिलिमीटरची बारीक भोकं असतील तर लाकूड खाणारे भुंगेरे. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. शेवटच्या दोघांचा बंदोबस्त जरूर करा. परिपत्रकात त्यांचा उल्लेखसुद्धा नाही, याचं नवल वाटतं.

नवीन भोकं नको असतील तर उपाय स्वस्त आहे : रंग. भुंगा कोरं, उन्हाने रापलेलं, साल नसलेलं मऊ लाकूड निवडतो. लाकूड घासून, जुन्या खिळ्यांची छिद्रं आणि भेगा भरून, प्रायमरचा एक हात आणि ऑइलपेंटचे दोन हात दिले की तो सहसा दुसरीकडे जातो. नुसतं पातळ व्हार्निश किंवा लाकडाचा रंग दाखवणारं स्टेन पुरत नाही. आणि नेहमी फसतं ते असं : रंगारी वरची आणि दर्शनी बाजू रंगवतो, तुळईची खालची बाजू आणि कापलेली टोकं तशीच राहतात. भुंगा नेमका तिथूनच शिरतो.

चौथी तक्रार सर्वांत मोठी. परिपत्रकात या माशीच्या कामाबद्दल एक ओळही नाही.

भुंगा नसला तर सगळ्या झाडांचं अडतं असं आम्ही म्हणणार नाही. आंब्याच्या मोहोराला साध्या माश्याही पुरतात. पण वांग्याचं फूल हातात घेऊन बघा. मध्यभागी पिवळ्या पुंकेसरांचा शंकू, आणि प्रत्येक पुंकेसराच्या टोकाला सुईच्या टोकाएवढी छिद्रं. पराग आत कोंडलेला, वाट तेवढीच. मधुरस नाहीच. मधमाशी येते, चाचपडते, फारसं काही न मिळता जाते. भुंग्याची मादी शंकूवर लटकते, जबड्याने धरते, पोट आत वळवते आणि पंख न हलवता उडायचे स्नायू थरथरवते. उडतानाच्या गुणगुणीहून वरच्या पट्टीतला, तुटक आवाज येतो आणि पराग तिच्या पोटावर सांडतो. टोमॅटो, बहावा, तरवड यांच्या फुलांतूनही पराग असाच झाडून घ्यावा लागतो, आणि मधमाशीला ही थरथर जमत नाही. वांगं वाऱ्याने हलूनही थोडंफार धरतं, हे खरं. पण भुंगे फिरणाऱ्या गच्चीवरचं वांगं आणि नुसत्या वाऱ्यावर सोडलेलं वांगं यांतला फरक टोपलीत दिसतो. भुंगे नसतात तिथं हौशी लोक विजेवरचा टूथब्रश फुलाच्या देठाला लावत फिरतात. चार कुंड्यांना ते ठीक, वाफ्याला कोण लावणार?

आपल्याच मांडवावरचं कृष्णकमळ घ्या. त्याचे परागकोश आणि कुक्षी फुलाच्या वर, खाली तोंड करून असतात आणि मधुरस तळाशी. लहान मधमाशी दोन्हींच्या खालून, कशालाही न शिवता फिरून जाते. भुंगा गोल फिरतो तेव्हा त्याची पाठ वर घासते आणि पाठीवर पिवळा पट्टा उमटतो. याच कुळातल्या पिवळ्या पॅशनफ्रूटला स्वतःच्या वेलीचा पराग चालत नाही. ब्राझीलमध्ये जिथं भुंगे कमी पडतात तिथं मजूर लावून फुलाफुलाला बोटाने पराग लावावा लागतो. आपण वेल चढवायचा आणि त्याच्याच मांडवातला परागवाहक मारायचा, असं हे काम आहे.

शेवग्याच्या फुलांवर झालेल्या अभ्यासात भुंग्यांच्या जाती प्रमुख परागवाहक ठरल्या आहेत. रुईचा पराग सुटा नसतो, जोडीने बांधलेल्या पिशव्यांत असतो. तो मोठ्या माशीच्या पायात अडकून ओढला जातो, आणि ती माशी आपल्याकडे बहुतेकदा भुंगाच असते. मारुतीला ज्या पानांची माळ घालतात त्या झाडाचं बोंड असं धरतं. हिरवळीच्या खताच्या तागाचं बी घ्यायचं असेल तर त्याच्या मिटलेल्या पाकळ्या दाबून उघडणारी वजनदार माशी लागते. भुंगा कधी कधी चोरीही करतो : लांब नळीच्या फुलाला बुडाशी चीर देऊन परागाला न शिवता मधुरस पितो. फुलझाडांच्या ताटव्यात ही चीर शोधलीत तर सापडेल. हिशेबात तीही धरा, तरी बाकी जमेचीच राहते.

सह्याद्रीत राहणाऱ्यांनी आणखी एक माहिती असायला हवी. भीमाशंकर अभयारण्यात हेमा सोमनाथन आणि रेनी बोर्जेस यांनी वारस या झाडाच्या फुलांचा अभ्यास केला. वारसाची पांढरी फुलं रात्री उमलतात, आणि त्यांचं परागीभवन झायलोकोपा टेन्युइस्कापा हा मोठा काळा भुंगा करतो; २००१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढच्या कामातून दिसलं की तिथलाच झायलोकोपा ट्रँक्वेबारिका चंद्र नसलेल्या रात्रीही उडतो आणि ताऱ्यांच्या उजेडात रंग ओळखतो. त्याच्या डोळ्यांची मूळ रचना दिवसाच्या माशीचीच, पण भिंगं मोठी आणि डोक्यावरचे तीन साधे डोळेही मोठे. आपल्या राज्यातल्या जंगलात झालेलं हे काम जगभर वाचलं जातं. ठेकेदाराच्या दृष्टीने यातला व्यवहार असा की घाटालगतच्या बागांत ‘दिवसा भोकात कोणी ये-जा करत नाही, म्हणजे रिकामं’ हा निकष लावता येत नाही.

राहता राहिली वाळकी खोडं आणि बांबू. मांडव नव्हते तेव्हाही भुंगे होतेच, ते पांगाऱ्याच्या, शेवग्याच्या वाळल्या फांद्यांत आणि सुकलेल्या बांबूत. बागेतलं मेलेलं लाकूड झाडून साफ केलं की भुंग्यापुढे तुमचा मांडवच उरतो. रस्त्यावर, बाकावर झुकलेली वाळकी फांदी काढा. पण कुंपणाच्या कोपऱ्यातलं, कोणाच्या अंगावर न पडणारं खोड दोन मीटरवर कापून उभं ठेवायला काय हरकत आहे?

आमच्या मागण्या अशा :

१. या कलमाची अंमलबजावणी तात्काळ थांबवावी. भुंग्याच्या भोकांत कोणतंही कीटकनाशक मारू नये. भोकागणिक दराची पद्धत निविदेतून काढावी.

२. प्रत्येक मांडवाची पाहणी सुतार आणि कनिष्ठ अभियंता यांनी मिळून करावी. तुळईचं माप, एका छेदात येणारे बोगदे आणि खांबाच्या पायाची स्थिती लिहून घ्यावी. छेदाची घट १० टक्क्यांच्या आत असेल तर लाकडाला हात लावू नये. २० टक्क्यांच्या वर असेल तर ते बदलावं. मधल्याची दर वर्षी पुन्हा पाहणी करावी.

३. भोक बंद करणं भाग असेल तर आधी ते रिकामं असल्याची खात्री करावी. संध्याकाळी तोंडाशी पातळ कागदाचा सैल बोळा ठेवावा. आत माशी असेल तर एक-दोन दिवसांत तो बाहेर ढकललेला सापडतो. बोळा जागेवर राहिला तरी आत कोष असू शकतात, म्हणून शेवटची ये-जा दिसल्यापासून निदान तीन महिने थांबून पुन्हा तीच परीक्षा घ्यावी. मग पुट्टीऐवजी त्याच मापाची लाकडी खुंटी सरस लावून ठोकावी आणि वरून रंग द्यावा.

४. काढलेली तुळई जाळू नये, भंगारात देऊ नये. ती अंधार पडल्यावर उतरवावी, भोकांना कापडाचे सैल बोळे लावून, आडवी आणि तोंडं खालीच ठेवून हलवावी, आणि उजाडण्याआधी बोळे काढावेत. मादीला जागेची खूण पक्की असते, म्हणून तुळई मूळ मांडवाच्या शक्य तितकी जवळ, दोन मीटर उंचीवर बांधून एक वर्ष ठेवावी. दुसऱ्या टोकाच्या बागेत नेली तर आई परत येत नाही.

५. नव्या मांडवांना सगळ्या बाजूंनी रंग द्यावा आणि प्रत्येक बागेत भुंग्यांसाठी वेगळं लाकूड ठेवावं : १० × १० × ४५ सेंटिमीटरचे, औषध न मुरवलेल्या मऊ लाकडाचे तीन-चार ठोकळे, खालच्या बाजूला १२-१४ मिलिमीटरचं, तीन सेंटिमीटर खोल एकेक भोक सुरुवातीला पाडून. सोबत २०-२५ सेंटिमीटरच्या बांबूच्या नळ्या, आतला व्यास १२ ते १८ मिलिमीटर, एका टोकाला पेर शाबूत. हे सगळं आडवं, पावसापासून आडोशाला, सकाळचं ऊन येईल असं, घट्ट बांधलेलं. वाऱ्याने हलणाऱ्या नळीत भुंगा सहसा घर करत नाही. बोरॅक्समध्ये बुडवलेला बांबू चालणार नाही, आणि बाजारातला तयार बांबू पुष्कळदा तसाच असतो, तेव्हा विचारून घ्यावा.

६. वाळकं लाकूड आणि सुकलेला बांबू काढण्याआधी त्यावर भोकं आहेत का ते पाहावं. धोका नसेल तिथं ते राहू द्यावं.

७. लागवडीच्या यादीत बहावा, तामण, शेवगा, तरवड आणि कुंपणाकडेला रुई घ्यावी. वर्षभर काही ना काही फुललेलं असावं, एवढंच सूत्र.

८. जैवविविधता अधिनियम, २००२ खाली तयार होणाऱ्या लोक जैवविविधता नोंदवहीत शहरातल्या भुंग्यांच्या जाती, त्यांची घरं आणि ते बसतात ती झाडं यांची नोंद व्हावी. ओळख पटवण्याचं आणि फोटो काढण्याचं काम आम्ही विनामोबदला करू.

९. ज्या मांडवांखाली वर्दळ आहे तिथं छोटा फलक लावावा : ‘हा भुंगा आहे. समोर येऊन थांबतो तो नर. त्याला नांगी नाही. भोकात बोट घालू नका.’ तक्रार कक्षातल्या कर्मचाऱ्यांनाही हेच उत्तर लिहून द्यावं, म्हणजे प्रत्येक फोनमागे फवारणीची गाडी निघणार नाही.

या पत्राला १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावं. उरलेल्या बागांतलं काम तोवर स्थगित ठेवावं. संयुक्त पाहणीसाठी आपण दिवस कळवल्यास आम्ही मोजपट्टी, शिडी आणि चिरून दाखवण्यासाठी एक जुनी तुळई घेऊन येऊ. पाहणी सकाळी नऊच्या सुमाराला ठेवावी, त्या वेळी माद्यांची ये-जा चालू असते आणि कोणतं भोक नांदतं आहे ते बसल्या जागी दिसतं.

कळावे,

शहरातील काही कीटक-अभ्यासक, रोपवाटिकावाले, सुतार आणि गच्चीवर भाजी पिकवणारे नागरिक